प्रॉपेलर लावण्यापूर्वीं

घरच्याघरीं विमान तयार करून तें बिनतारी यंत्रानें उडविण्याचा नाद हल्लीं वरच्या वर्गांतील मुलामुलींना लागलेला दिसतो. नाद चांगला आहे. थर्मोकोलचे पंख कापणें, बांबूच्या कामट्या घासणें, बुधवार पेठेंतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग शोधून आणणें, यांत हाताला व डोक्याला जें काम मिळतें तें पुष्कळ पाठांतरापेक्षां मोलाचें आहे. त्यांतही ज्यांच्या मनाची धांव थोडी मोठी आहे त्यांना धांवपट्टीवरून पळत जाणारें विमान नको असतें. जागच्याजागीं उभें वर चढणारें आणि मग आडवें होऊन पुढें जाणारें विमान हवें असतें. शहरांतील शाळांचीं मैदानें केवढीं असतात हें पाहिलें म्हणजे ही आवड केवळ हौस नव्हे, गरजही आहे, हें कळून येतें.

परंतु या बाबतींत मुलांचें व त्यांच्या वडीलधाऱ्यांचें एक मत होऊन बसलें आहे, आणि तें आम्हांस मान्य नाहीं. विमान उडालें कीं काम झालें, असें मुलांना वाटतें. तें उडालें म्हणजे मुलगा हुशार, असें पालकांना वाटतें. आमचें म्हणणें असें कीं, उभ्या उड्डाणाच्या विमानाचें खरें शिक्षण आकाशांत नसून टेबलावर आहे. त्याची विजेची मांडणी ज्यानें स्वतः, तार न् तार समजून, केली व प्रॉपेलर न लावतां तपासून दाखविली, त्यानें परीक्षा दिली. दुसऱ्याची मांडणी जशीच्या तशी उतरवून ज्यानें तें दोन मिनिटें हवेंत ठेविलें, त्यानें फक्त दैवाची परीक्षा पाहिली.

साध्या विमानांत ही गोष्ट इतकी कडक नसते. चांगल्या मापाचें साधें विमान हातानें फेंकलें तरी कांहीं अंतर आपोआप तरंगत जातें, कारण वाहती हवा त्याच्या शेपटीवर दाब देऊन त्याला सरळ ठेवीत असते. उभ्यानें चढणाऱ्या विमानाभोंवतीं अशी वाहती हवाच नसते. भारतीय नौदलाचीं सी हॅरियर विमानें १९८३ पासून २०१६ पर्यंत सेवेंत होतीं आणि गोव्याच्या दाभोळी येथील तळावरून उडत असत, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्या विमानाच्या इंजिनाचा झोत चार फिरत्या तोंडांतून खालीं सोडतां येत असे. परंतु नुसतें उचलून भागत नसे. विमान अधांतरीं असतांना कलूं नये म्हणून नाकाशीं, शेपटीशीं व पंखांच्या टोकांशीं इंजिनांतून काढलेल्या दाबाच्या हवेचीं बारीक तोंडें ठेवावीं लागलीं. त्याच्याही आधीं, १९५४ सालीं, अमेरिकेंत कॉन्व्हेअर कंपनीचें 'पोगो' हें शेपटीवर उभें राहणारें विमान हवेंत उठून आडवें झालें व पुन्हां उभें होऊन उतरलें. उतरतांना वैमानिकाला खांद्यावरून मागें वळून जमीन पाहावी लागे आणि आपण किती वेगानें खालीं येत आहों याचा अंदाज करणें अत्यंत कठीण जाई. तें विमान पुढें सेवेंत आलें नाहीं. जें काम तेव्हां कसलेल्या वैमानिकास जड गेलें तें आज आगपेटीएवढ्या एका पट्टीकडून, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरकडून, सेकंदाला शेंकडों वेळां करून घेतां येतें. म्हणूनच ती पट्टी काय करते हें न जाणतां ती बसविणें आम्हांस पसंत नाहीं.

सर्वांत कमी भागांचें असें विमान म्हणजे दोन मोटरींचें, शेपटीवर उभें राहणारें. डाव्या व उजव्या पंखावर एकेक मोटर. प्रत्येक मोटरीच्या मागें, तिच्या वाऱ्यांतच येईल अशी एकेक हलती पाळी. पाळी हलविणारा एकेक सर्व्हो. दोन मोटरींना दोन वेगनियामक, ज्यांना बाजारांत ईएससी म्हणतात. एक फ्लाइट कंट्रोलर, एक रिसीव्हर व एक बॅटरी. विमानाचें वजन सहाशें ग्रॅम भरणार असेल तर दोन्ही मोटरींनीं मिळून निदान नऊशें ग्रॅमचा जोर दिला पाहिजे. बरोबरीच्या जोरावर विमान जेमतेम तरंगेल, पण कललें तर सावरणार नाहीं. मोटरी परस्परांविरुद्ध दिशांनीं फिरल्या पाहिजेत. एखादी उलट फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकीं कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली कीं ती सुलट फिरते. हा एवढासा चमत्कार पाहून मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसतो तो आम्हांस फार आवडतो!

विजेच्या पुरवठ्याविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण बहुतेक अपघातांचें मूळ येथें असतें. तीन घरांची लिथियम पॉलिमर बॅटरी भरलेली असतां १२.६ व्होल्ट देते. मोटरी तिच्यावर थेट चालतात; पण फ्लाइट कंट्रोलर, रिसीव्हर व सर्व्हो यांना सुमारें ५ व्होल्टच लागतात, आणि ते उतरवून देणारा निराळा भाग असतो. आतां पैसे वांचविण्यासाठीं मुलें काय करितात, तर त्या एकाच लहान भागावर सर्व भार टाकितात. टेबलावर सर्व ठीक चालतें. हवेंत दोन्ही सर्व्हो एकदम जोर करूं लागले म्हणजे ते इतका प्रवाह ओढितात कीं ५ व्होल्टचे क्षणभर ४ देखील राहत नाहींत. फ्लाइट कंट्रोलर डोळा मिटतो व पुन्हां उघडतो. तेवढ्यांत विमान जमिनीवर आलेलें असतें, आणि मुलगा म्हणतो कीं वाऱ्यानें पडलें. सर्व्होंना निराळा पुरवठा द्यावा आणि सर्व भागांची ऋण तार मात्र एकत्र जोडलेली असावी, नाहींतर एकाचा संकेत दुसऱ्यास समजत नाहीं. मग दोन्ही पाळ्या बोटांनीं अडवून धराव्या, ट्रान्समीटरची दांडी हलवावी आणि व्होल्टमीटरचा कांटा किती खालीं येतो तें पाहावें. ही तपासणी पांच मिनिटांची आहे. डाखाच्या जोडाविषयींही हेंच. जो जोड ओढून पाहिला नाहीं तो जोडच नव्हे.

यानंतर येतो दिशांचा प्रश्न, आणि आमच्या मतें सर्व कामाचें मर्म हेंच आहे. फ्लाइट कंट्रोलरमधील जायरोस्कोप विमान किती वेगानें फिरत आहे तें सांगतो. त्यावरून तो पाळ्या व मोटरी हलवून तें फिरणें थांबवितो. परंतु हलविण्याची दिशा उलट लागली तर तोच कंट्रोलर विमानाला सावरण्याऐवजीं अधिक ढकलतो, आणि ढकलल्याबरोबर आणखी ढकलतो. असें विमान एका सेकंदाच्या आंत उलटतें. माणसाच्या हाताला तितक्यांत कांहींच करितां येत नाहीं. म्हणून प्रॉपेलर काढून ठेवून विमान हातांत धरावें. आडव्या स्थितींत डावा पंख खालीं केला तर डावी पाळी खालीं व उजवी वर गेली पाहिजे. नाक वर केलें तर दोन्ही पाळ्या खालीं गेल्या पाहिजेत. मग विमान शेपटीवर उभें करावें, मोटरींच्या दांड्यांवर कागदाची बारीक पट्टी चिकटवावी व मोटरी अगदीं मंद चालू ठेवून विमान डाव्या पंखाकडे कलवावें. डावी मोटर जलद झाली पाहिजे. पाठीकडे कलविलें तर दोन्ही पाळ्या पोटाकडे वळल्या पाहिजेत.

येथें एक गंमत आहे. विमान आडवें असतांना दोन्ही पाळ्या परस्परांविरुद्ध हलल्या तर तें कुशीवर वळतें. तेंच उभें असतांना त्याच हालचालीनें तें भोंवऱ्याप्रमाणें जागीं फिरून तोंड बदलतें. मोटरींच्या कमीअधिक वेगाचेंही असेंच. एकाच हालचालीला दोन स्थितींत दोन नांवें! शिवाय नाक अगदीं सरळ आकाशाकडे गेलें म्हणजे 'तोंड कोणत्या दिशेला' व 'कूस किती वळली' हे दोन कोन एकमेकांत मिसळून जातात आणि नेहमींच्या तीन कोनांचा हिशेब लटका पडतो. ही अडचण टाळण्यासाठीं आजचे कंट्रोलर चार संख्यांचें जें गणित वापरतात तें विल्यम रोअन हॅमिल्टन यास १६ ऑक्टोबर १८४३ रोजीं डब्लिन येथें कालव्याच्या कांठानें चालतांना सुचलें आणि त्यानें तें तेथल्या पुलाच्या दगडावर कोरून ठेविलें. त्या वेळीं विमान नव्हतें. बीजगणिताचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही आतां हें विमान दाखवूं.

आतां दुसऱ्याची मांडणी उतरवून घेण्याविषयीं. आर्डुपायलटसारख्या ज्या प्रणाली आज सर्वांस विनामूल्य मिळतात त्या अनेकांच्या वर्षांनुवर्षांच्या श्रमांचें फळ आहेत, आणि त्या वापरण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. जी तयार मिळते ती पट्टी मुलानें पुन्हां कां शोधावी, असा आक्षेप एका पालकांनीं आमच्याजवळ घेतला; तो रास्त आहे. प्रत्येकानें स्वतःची प्रणाली लिहावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें तिच्यांत भरावयाच्या नोंदींपुरतें आहे. आर्डुपायलटमध्यें उभ्या उड्डाणाचा भाग मुळांत बंद असतो. 'क्यू एनेबल' या नोंदीपुढें १ लिहिल्यावरच तो जागा होतो, आणि मग शेंकडों नव्या नोंदी समोर येतात. येथें मूल घाबरतें व कोणा अनोळखी मनुष्यानें आपल्या विमानाकरितां भरलेल्या नोंदी उचलून आपल्या विमानांत घालतें. त्या मनुष्याचा सर्व्हो उजव्या अंगानें बसविलेला असेल, ह्याचा डाव्या. त्याचें विमान दीड किलोचें असेल, ह्याचें अर्ध्या किलोचें. शेजाऱ्याचा चष्मा घालून वाचावयास बसण्यासारखेंच हें झालें.

विशेषतः सावरण्याच्या जोराचीं तीन परिमाणें ज्याचीं त्यानेंच ठरविलीं पाहिजेत. या तीन परिमाणांची उपपत्ति १९२२ सालीं निकोलस मिनोर्स्की या इंजिनिअरानें मांडली, आणि ती मांडतांना त्याच्यासमोर जहाजाच्या सुकाणूवर बसणारा माणूस होता. अनुभवी सुकाण्या केवळ जहाज आतां किती वळलें एवढेंच पाहत नाहीं. तें किती वेळ वळलेलें राहिलें आणि किती झपाट्यानें वळत आहे हेंही पाहतो. या तीन गोष्टींना किती महत्त्व द्यावयाचें तीं हीं तीन परिमाणें. पहिलें फार वाढविलें तर विमान थरथरूं लागतें. फार कमी केलें तर दारू प्यालेल्या माणसासारखें झुलतें. कोंकणच्या किनाऱ्यावरील ज्या मुलानें आपल्या बापाला होडीचें सुकाणूं धरतांना पाहिलें आहे त्याला हें समजावून सांगण्यास कोणाचीही गरज पडूं नये.

पालकांसाठीं दोन शब्द. या छंदांत दोन खरीं भयें आहेत. लहानसा प्रॉपेलर देखील बोट कापूं शकतो. म्हणून मांडणी व तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रॉपेलर आपल्या कपाटांत, कुलपाखालीं ठेवावे. मूल रुसेल, रुसूं द्यावें. दुसरें भय बॅटरीचें. ती प्रत्येक घराला ४.२ व्होल्टांपलीकडे भरूं नये, फुगलेली असल्यास मुळींच भरूं नये, आणि भरतांना ती मातीच्या कुंडींत, पडदे व गाद्यांपासून दूर, मोठ्या माणसाच्या नजरेखालीं असावी. रात्रीं भरावयास लावून निजणें म्हणजे घरांत निखारा ठेवून निजणें आहे. कायद्याचेंही भान असावें. २०२१ च्या ड्रोन नियमांनीं आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे भाग पाडले आहेत. विमानतळाच्या किंवा लष्करी जागेच्या जवळ राहणाऱ्यांनीं आपलें मैदान कोणत्या भागांत येतें हें आधीं पाहावें, आणि विमान नेहमीं डोळ्यांसमोर ठेवावें. बिनतारी यंत्र २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील घ्यावें, कारण तो पट्टा आपल्या देशांत परवान्यावांचून खुला आहे. परदेशांत चालणारी प्रत्येक लहरी येथें चालते असें नाहीं.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याची गोष्ट आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलाला उपासनेच्या तासापासून ठाऊक आहे, म्हणून येथें ती सांगत बसत नाहीं. आमची सूचना शाळेच्या चालकांस आहे. विज्ञान प्रदर्शनांत अशा विमानांस जागा द्यावी, परंतु मैदानावर नेण्यापूर्वीं प्रत्येक विमान प्रॉपेलरशिवाय टेबलावर मांडून घ्यावें. करणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें तें हातांत धरून कलवून दाखवावें, कोणती पाळी कां हलली तें सांगावें. मग परीक्षकांनीं ट्रान्समीटर बंद करावा आणि मोटरी आपोआप थांबतात कीं नाहीं तें पाहावें. शंभरांपैकीं साठ गुण येथें द्यावे. उरलेले चाळीस उड्डाणास. आणि त्या दिवशीं वारा असेल तर तेंही दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची मुभा असावी.