विश्लेषण : ऑफिसचा ताण योगा ॲपने जाईल की घड्याळाने? कायदा, संशोधन आणि मोफत मदत काय सांगते?

हुडकेश्वर, म्हाळगीनगर, मानेवाडा या दक्षिण नागपूरच्या पट्ट्यातून रोज सकाळी नोकरदारांची रांग रिंग रोडने वर्धा रोडकडे निघते. कुणी मिहानमधल्या आयटी कंपनीत, कुणी बुटीबोरीत, कुणी बँकेत. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते, पण ती हुडकेश्वरवरून जात नाही. त्यामुळे भिस्त दुचाकीवरच. संध्याकाळी घरी आल्यावर मोबाइलवर ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असा सल्ला दिसतो. हा वेळ काढायचा कुठून, हाच खरा प्रश्न आहे.

मुळात वेळ उरतो किती?

साधा हिशेब करून पाहू. समजा ९ तास काम, अर्धा तास सुट्टी, येण्याजाण्यात दीड तास आणि ७ तास झोप. २४ तासांतून उरतात ६. त्यातच आंघोळ, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधे आणि किराणा. आता काम एका तासाने वाढवा. कामाचा दिवस जेमतेम ११ टक्क्यांनी वाढतो, पण हाती उरलेल्या वेळेचा सहावा हिस्सा जातो. हा तास बहुतेक वेळा झोपेतूनच कापला जातो.

‘बर्नआउट’ म्हणजे नेमके काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. त्यानुसार तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकाळच्या ताणाचा परिणाम आहे. त्याच्या तीन खुणा आहेत : सतत थकवा, कामाबद्दल तुटकपणा किंवा चीड आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. व्याख्येतच कारण ‘कामाचे ठिकाण’ असे दिले आहे, हे महत्त्वाचे.

याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये मांडलेला अंदाज गंभीर आहे. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्याकडे मात्र ७० आणि ९० तासांच्या आठवड्याचे सल्ले बड्या उद्योजकांनी जाहीरपणे दिले. २०२४ मध्ये पुण्यात एका २६ वर्षीय सीए तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने तिचा बळी घेतला, असे तिच्या आईने कंपनीला लिहिलेल्या पत्रात म्हटले, तेव्हा हा विषय देशभर गाजला.

ॲप, ध्यान, वेलनेस सत्रांचा उपयोग होतो का?

ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ॲप, ध्यानधारणा किंवा ताण व्यवस्थापनाची सत्रे घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे असल्याचे दिसले नाही. याचा अर्थ प्राणायाम निरुपयोगी असा नव्हे. कामाचे तास आणि माणसांची कमतरता तशीच ठेवून त्यावर शुक्रवारचे योगा सत्र लावले, तर मूळ दुखणे हलत नाही, एवढाच याचा अर्थ.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात कार्यालयांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, आठवडी सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला अशी तरतूद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० तास करण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी हा बदल आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र कायम आहे.

खरी मेख वेगळीच आहे. व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदांवरील लोकांना या कायद्यातून सूट आहे. म्हणजे ‘टीम लीड’ची पाटी लागली की पगार थोडा वाढतो, पण तासांचे संरक्षण जाण्याची शक्यता असते. बढतीचे पत्र घेताना हे विचारून घ्यायला हवे.

रात्री येणाऱ्या कॉलचे काय?

फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. मात्र खासगी सदस्याचे विधेयक संसदेत शेवटचे मंजूर झाले ते १९७० मध्ये. त्यामुळे रात्री अकराचा व्हॉट्सॲप मेसेज थांबवणारा कायदा लगेच येईल, असे धरून चालता येणार नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय?

- लॉगइन आणि लॉगआउटची वेळ रोज लिहून ठेवा. तक्रारीच्या वेळी आठवण नव्हे, नोंद कामी येते.
- प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा आहे. जिमच हवी असे नाही. रोज २०-२५ मिनिटे झपाझप चालले तरी चालते.
- संध्याकाळी उशिराचा चहा टाळा. कॅफिनचा प्रभाव अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.
- झोप उडणे, चिडचिड किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवा.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधील एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. हुडकेश्वरकरांना मेडिकल त्यातल्या त्यात जवळचे. खर्चाची भीती असेल तर आपली पॉलिसी काढून वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे बंधनकारक आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, त्यामुळे ओपीडी आणि समुपदेशनाची अट आधी तपासा.

स्वतःची काळजी घेणे ही आपली जबाबदारी आहेच. पण तासांचा हिशेब कंपनीने आणि सरकारनेही द्यायचा असतो. तो मागायला सुरुवात आपल्या नोंदवहीपासून करता येते.