रोजा, शुगर आणि उसनी मोजपट्टी

रमजान आला की शुगर असलेल्या रोजेदाराचा डॉक्टरांना पहिला प्रश्न असतो, "रोजा ठेवू का?" नवरात्रात उपवास करणारे शेजारीही हेच विचारतात. डॉक्टर उलट विचारतात, "घरात कोणाला शुगर आहे?" आपण सहज सांगतो, "खानदानी आहे." या खानदानी शुगरचा शोध आपल्या खानदानांत मात्र फार कमी घेतला गेला आहे.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तरीही जगभरातल्या जनुकीय अभ्यासांतले सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१६ च्या एका आढाव्यात दिसले. म्हणजे आजार आपला आणि मोजपट्टी दुसऱ्याची.

काही जनुके सगळ्यांची सारखी असतात. 'टीसीएफ७एल२' या जनुकाचा टाइप २ मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये आइसलँडमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी भारतीयांतही दिसला. पण सगळे असे नसते. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत २०१४ मध्ये असा जनुकीय बदल सापडला की तो आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर साठी गाठेपर्यंत बहुतेकांना मधुमेह होतो. युरोपीयांत तो जवळपास नाहीच. तिथे जाऊन तपासले म्हणूनच तो कळला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीही असेच स्थानिक काम केले. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरीही त्वचेखालची चरबी आपल्या बाळांत तुलनेने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त. म्हणूनच "मी तर सडपातळ, मला कशी शुगर होईल?" हा विश्वास धोक्याचा आहे.

सरकारच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतल्या सुमारे १० हजार लोकांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली. सुरुवात चांगली आहे. पण देशात ४ हजार ६०० हून अधिक समूह आहेत, असे हाच प्रकल्प सांगतो. करंजाडेच्या एकाच सोसायटीत आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, घाटावरची आणि उत्तरेकडची कुटुंबे राहतात. बहुतेकांची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच जातबिरादरीत झालेली. त्यामुळे एका समूहाचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होईल, असे नाही. उद्या कोणी रक्ताचे नमुने मागायला आले, तर ते कशासाठी, माहिती कोणाकडे राहील आणि तिचा फायदा आपल्याला काय, हे विचारून मग जरूर द्यावेत.

मात्र जनुकांवर सगळा भार टाकून मोकळे होता येणार नाही. दोन पिढ्यांत जनुके बदलली नाहीत. बदलले ते भातशेतीच्या जागी आलेले टॉवर, बसून करायची कामे आणि ताटातले पदार्थ. इफ्तारच्या भजी-शरबताला खानदान जबाबदार नाही.

आजारी माणसाला कुरआननेच रोज्यातून सवलत दिली आहे. आजार कायमचा असेल, तर फिदया म्हणून गरिबाला जेवण देण्याची सोय आहे. रोजा ठेवायचाच असेल, तर गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्याव्यात. बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडावा. जीव वाचवणे हेही फर्जच आहे.

आणि घरात एकाला शुगर निघाली, तर बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्यावे. सडपातळ असलेल्यांनीसुद्धा.