कागदावरची रेघ

तिगावचा एखादा बागाईतदार हृदयाची पट्टी, म्हणजे ई. सी. जी., काढून घरी येतो. कागदावर ‘ॲबनॉर्मल’ असा शब्द छापलेला असतो. मग घरात एक तर रडारड होते, नाही तर तो कागद ट्रंकेच्या तळाशी जातो व ‘संत्रा उतरला की नागपूरला जाऊ’ असे ठरते. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे होत.

ही पट्टी म्हणजे निकाल नव्हे. तो एक प्रश्न होय. हृदयातील विजेची केवळ दहाएक सेकंदांची चाल तिच्यावर उमटते, आणि छापलेला शब्द पुष्कळदा यंत्राचा असतो, डॉक्टरांचा नव्हे. छातीवरील चकती चुकीच्या जागी लागली, रक्तातील क्षार कमीअधिक झाले, अथवा रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झाली, तरी रेघ बदलते. खरे कारण बहुधा पुढील तपासणीतच कळते.

प्रत्येक तपासणीचे काम निराळे. इकोमध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या झडपा व आकुंचन दिसते. तेथे ‘ई. एफ. ६०’ लिहिले म्हणून चाळीस टक्के हृदय निकामी झाले असे समजू नये. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्यास आतील सुमारे ५० ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकते. चालत्या पट्ट्यावरील तपासणीत श्रमाच्या वेळी हृदयास रक्त पुरेसे पोचते की नाही याचा अंदाज येतो. ठोके मधूनमधून चुकत असतील तर होल्टर यंत्र २४ तास किंवा अधिक काळ त्यांची नोंद ठेवते.

उलटपक्षी, पट्टी चांगली आली म्हणजे धोका टळला असेही नव्हे. छातीत दडपण, घाम, धाप, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, यांपैकी काही जाणवल्यास जुना कागद पाहत न बसता तत्काळ १०८ क्रमांकास बोलवावे.

डॉक्टरांकडे जाताना जुन्या पट्ट्या व औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात आणि तीन गोष्टी विचाराव्यात: काय आढळले, शंका कशाची आहे, आणि पुढची तपासणी किती दिवसांत हवी?

सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय आजाऱ्यास प्रार्थना करावयास सांगतो, तसाच वैद्याचा मान राखावयासही सांगतो. तेव्हा सायंकाळच्या जपमाळेत आजाऱ्याची आठवण अवश्य करावी. परंतु संत्र्यासाठी तपासणीची तारीख चुकवू नये.