परदेशी धनकोची जबाबदारी

रोख्यावर सही झाली व पैसे मोजून दिले, कीं सावकाराचें उत्तरदायित्व संपलें, ही समजूत आपल्या प्रांतांत फार काळ टिकली नाहीं. सन १८७५ सालीं सुपें येथून सुरू झालेले दंगे पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला व त्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा मुळापासून तपास करण्याचा अधिकार दिला. गांवच्या सावकारास जर जाब द्यावा लागतो, तर सरकारांस व कंपन्यांस कोट्यवधि डॉलर देणाऱ्या आंतरराष्ट्रीय धनकोंनीं तो कां देऊं नये? त्यांच्या कर्जानें जें धरण, जो कालवा वा जें वीजकेंद्र उभें राहतें, तें कोणाच्या तरी जमिनीवरच उभें राहतें. म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे.

जागतिक बँकेनें १९८५ सालीं नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पास ४५ कोटि डॉलरचें कर्ज मंजूर केलें. या धरणाच्या बुडीत क्षेत्रांत आपल्याकडील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें होतीं. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यानें, एकचतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदारास किमान २ हेक्टर जमीन देण्याचें ठरविलें होतें. परंतु सातपुड्यांतील अनेक कुटुंबें पिढ्यान् पिढ्या ज्या जमिनी कसत, त्या त्यांच्या नांवें नव्हत्या. दप्तरानें त्यांस अतिक्रमक म्हटलें. महसूल खात्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हें ठाऊक आहे कीं, नोंद नाहीं याचा अर्थ वहिवाट नाहीं असा होत नाहीं. बँकेच्या अधिकाऱ्यांस हा भेद समजून घेण्यास सवड होती. तो समजून घेण्याची गरज मात्र त्यांस भासली नाहीं.

ओरड फार झाल्यावर १९९१ सालीं बँकेनेंच ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र समिति नेमली. समितीनें १९९२ च्या अहवालांत स्पष्ट सांगितलें कीं, चालू परिस्थितींत विस्थापितांचें योग्य पुनर्वसन शक्य नाहीं, पर्यावरणाचा अभ्यास वेळेवर झाला नाहीं, आणि ज्यांच्या जमिनी कालव्यांखालीं जाणार त्यांचा विचारच नीट झालेला नाहीं. मार्च १९९३ मध्यें भारत सरकारनें उरलेल्या १७ कोटि डॉलरवर पाणी सोडलें आणि बँक बाहेर पडली. उचललेलें कर्ज मात्र आपल्याच माथीं राहिलें. चूक दोघांची, फेड एकट्याची!

त्याच वर्षीं बँकेनें तक्रारींच्या चौकशीसाठीं तपासणी मंडळ स्थापलें. बाधित लोकांस त्याच्याकडे दाद मागतां येते, हें चांगलेंच झालें. तथापि तें मंडळ बँकेच्या संचालकांपुढें अहवाल ठेवतें. नुकसानभरपाईचा हुकूम देण्याचा अधिकार त्यास नाहीं.

अशा अहवालांचें पुढें काय होतें, हें कच्छमधील मुंद्रा येथें दिसलें. तेथील ४००० मेगावॅटच्या कोळशावरील वीजकेंद्रास, जागतिक बँकेच्याच परिवारांतील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानें २००८ सालीं ४५ कोटि डॉलर कर्ज दिलें. ऊन पाणी समुद्रांत सोडल्यानें मासळी घटली, विहिरींचें पाणी खारट झालें, राख पिकांवर पडते, अशी मच्छीमार व शेतकरी यांची तक्रार होती. महामंडळाच्याच तक्रार-कार्यालयानें २०१३ सालीं, किनाऱ्यावर हंगामापुरते राहणाऱ्या मच्छीमारांचा पुरेसा विचार झाला नाहीं, असा ठपका ठेवला. तरीहि भरपाई न मिळाल्यानें मच्छीमार, शेतकरी व नवीनाळ ग्रामपंचायत यांनीं २०१५ सालीं वॉशिंग्टन येथें दावा लावला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, अशा संस्थांस पूर्ण अभय नाहीं, असा निर्णय दिला. पण नुकसानीचें मूळ कृत्य भारतांत घडलें, या कारणावरून खालच्या न्यायालयानें २०२० सालीं दावा पुन्हां काढून टाकला. २०२१ सालीं अपिलांतहि तेंच कायम झालें. दार उघडलें, परंतु उंबरठा ओलांडतां आला नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, धनकोस कोर्टांत खेंचल्यास तो कर्जच देणार नाहीं, आणि मग धरणें व कालवे होणार कसे? नर्मदेचें पाणी कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या गांवांस पोंचलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु १८७९ च्या कायद्याच्या वेळींहि पेढ्या बंद पडतील असें भय घातलें जात होतें. ज्यास नुकसानीचा वांटा उचलावा लागत नाहीं, तो तारण पाहतो, माणूस पाहत नाहीं. जबाबदारी येईल तर कर्ज थांबणार नाहीं, चौकशी आधीं होईल.

आमच्या मतें चार गोष्टी व्हाव्यात. कर्जाच्या अटी व पर्यावरणाचा अहवाल करार होण्यापूर्वीं ग्रामसभेंत मराठींत वाचून दाखवावा. बाधितांची यादी केवळ सातबाऱ्यावरून न करतां प्रत्यक्ष वहिवाटीवरून करावी, व तींत कालव्याखालीं जाणारा शेतकरीहि धरावा. कर्जाचा कांहीं भाग भरपाईसाठीं प्रथमच बाजूस ठेवावा. आणि भरपाईचा निर्णय धनकोवर बंधनकारक असावा, अशी अट करारांतच घालावी.

भारत हा या संस्थांचा सभासद व भागधारक आहे. म्हणून हें मागणें याचकाचें नसून मालकाचें आहे. प्रत्येक तालुक्यांतील शेतकरी मंडळानें या अर्थाचा ठराव वार्षिक सभेंत करून आपल्या लोकसभा-सदस्याकडे पाठवावा, अशी विनंती आहे.