सिगारेट सोडायची, पण गांजाचं काय?

अमेरिकेत गांजा कायदेशीर करावा म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद मोठा लाघवी आहे. सिगारेट माणूस मारते, गांजा त्या मानानं निरुपद्रवी. तेव्हा गांजा खुला झाला की लोक सिगारेट टाकून त्याच्याकडे वळतील आणि फुप्फुसं वाचतील. वरवर पाहता आकडेही साथ देतात. १९६५ साली तिथले ४२ टक्के प्रौढ सिगारेट ओढत, २०२२ मध्ये जेमतेम १२ टक्के. याच काळात कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये औषध म्हणून, तर कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मौजेसाठीही गांजाला मुभा दिली. एक उतरलं, दुसरं चढलं. सांधा जोडायला आणखी काय हवं?

बरंच काही हवं. सिगारेटची घसरण सुरू झाली ती अमेरिकी सरकारच्या आरोग्यप्रमुखाच्या, म्हणजे सर्जन जनरलच्या, सिगारेटच्या धोक्यांवरच्या १९६४ च्या अहवालानंतर, म्हणजे गांजाच्या पहिल्या परवान्याच्या तीस वर्षं आधी. ती घडवली करांनी, जाहिरातबंदीनं, कचेऱ्या-उपाहारगृहांतल्या धूम्रपानबंदीनं. शिवाय ही घसरण सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. कमी उत्पन्नाच्या प्रौढांत सिगारेट ओढणारे सुखवस्तूंच्या सुमारे अडीच ते तीनपट उरले आहेत, आणि सिगारेट व गांजा दोन्ही ओढणारेही याच गटात जास्त आढळतात. गांजानं सिगारेट सुटत असती तर ती आधी इथं सुटायला हवी होती.

या पक्षाचा लाडका पुरावा लंडनचा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात चोवीस सिगारेट ओढणाऱ्यांना इनहेलर दिले. निम्म्यांच्या इनहेलरमध्ये कॅनाबिडिऑल, म्हणजे गांजातला नशा न आणणारा घटक होता. उरलेल्यांच्यात काहीच नव्हतं. तलफ आली की ओढायचं, एवढंच सांगितलं होतं. आठवडाभरात पहिल्या गटाच्या सिगारेटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. निष्कर्ष कुतूहल वाढवणारा आहे, नाही कोण म्हणतो? पण माणसं चोवीस, मुदत एक आठवडा, सिगारेट कमी झाली, सुटली नाही, आणि इनहेलरात गांजाचा धूर नव्हता. यावरून ‘गांजा ओढा, सिगारेट सोडा’ असा सल्ला काढणं म्हणजे अफूच्या बोंडातली खसखस खाऊन झोप लागली म्हणून अफूची शिफारस करणं.

उलट दिशेचा एक पुरावा मात्र हे लोक सहसा काढत नाहीत. गांजाची नशा मेंदूतल्या ज्या सीबी-वन ग्राहींमधून चढते, ते ग्राहीच अडवून धरणारं रिमोनाबँट नावाचं औषध होतं. युरोपात २००६ मध्ये त्याला स्थूलतेसाठी परवाना मिळाला. सिगारेट सोडण्यासाठीही त्याच्या चाचण्या झाल्या आणि वीस मिलिग्रॅमच्या मात्रेनं नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटली. पुढे नैराश्याच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबवली गेली, ते योग्यच झालं. एवढ्यावरून गांजा सिगारेटला घट्ट करतो असं सिद्ध होत नाही. पण गांजाची वाट रोखल्यावर सिगारेट थोडी सैल होत असेल, तर ती वाट मोकळी केल्यानंही ती सैल होईल हे म्हणणं कशाच्या बळावर?

अमेरिकेतल्या ३४ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीवरचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही या पक्षाला सोयीचा नाही. एकदा सिगारेट सोडलेल्यांपैकी जे गांजा घेत होते, ते तीन वर्षांनी पुन्हा सिगारेटकडे वळलेले असण्याची शक्यता जास्त निघाली. ही पाहणी २००१ ते २००५ ची, म्हणजे कोलोरॅडोच्या आधीची. आणि सोबतीला आढळणं म्हणजे कारण असणं नव्हे. काही उपचार-चाचण्यांत गांजा घेणाऱ्यांचं यश इतरांइतकंच दिसलं, काहींत कमी. गांजानं सिगारेट सुटायला मदत होते असा भरवशाचा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आधी गांजा सोडून या, मग सिगारेटचं बघू. हा हट्ट पहिल्या भाबडेपणापेक्षा जास्त घातक आहे, कारण तो सल्ला देणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला असतो. सिगारेट सोडवणाऱ्या औषधांच्या कितीतरी चाचण्यांतून गांजा घेणाऱ्यांना मुळातच वगळलं गेलं. मग ‘यांच्यावर औषध चालतं का, ठाऊक नाही’ असं तेच शास्त्र सांगतं!

या हट्टाला गरिबाचा गांजा नेमका कसा ओढला जातो याचाही पत्ता नसतो. स्वस्त सिगार किंवा सिगारिलो उभा चिरायचा, आतली तंबाखू टाकून द्यायची आणि त्या पानात गांजा भरायचा, याला तिथं ‘ब्लंट’ म्हणतात. ते पान तंबाखूचंच असतं, त्यात निकोटिन असतं. सिगारेट बंद केलेला माणूस ब्लंट ओढत राहिला तर त्याची तलफ जिवंत राहते, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्याकडची चिलीम याच कुळातली, तिच्यातही गांजाबरोबर तंबाखू मळतात. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांहूनही कमी आणि तंबाखू खाणारेच फार, म्हणून अमेरिकेचे आकडे इथं चिकटवू नयेत. पण चिलीम ओढणाऱ्याला तंबाखूचा प्रश्न विचारायला कुणाची हरकत असावी?

सिगारेट खरंच सुटली का हे तपासायला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. गांजाच्या धुरातही तो असतो. म्हणजे सिगारेट प्रामाणिकपणे सोडलेला, पण गांजा ओढणारा माणूस यंत्रासमोर खोटा ठरू शकतो. सोडल्याबद्दल पैशांच्या रूपानं बक्षीस देणाऱ्या योजनांत त्याचं बक्षीसही जाईल. निकोटिनपासून शरीरात बनणारं कोटिनिन लाळेत तपासलं तर निकोटिनचा हिशेब वेगळा लागतो. पण त्याला खर्च जास्त, आणि निकोटिनचा पॅच लावणाऱ्याच्या किंवा ब्लंट ओढणाऱ्याच्या लाळेतही ते सापडतंच.

आणि गांजाबद्दल विचारलं, तर खरं उत्तर तो देणार कसा? अमेरिकेतल्या सरकारी घरकुलांत खोलीत आणि इमारतीपासून पंचवीस फुटांच्या आत सिगारेट ओढायला जुलै २०१८ अखेर सगळीकडे बंदी आली. गांजाचं त्याहून अवघड. १९७० च्या केंद्रीय कायद्यानं त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं आणि १९९८ च्या कायद्यानं केंद्राच्या मदतीच्या घरांची दारं तो घेणाऱ्यांना बंद केली. राज्यानं परवाना दिला तरी घरकुलात तो चालत नाही. त्यात २०१३ च्या एका नागरी हक्क अहवालानुसार गांजा घेण्याचं प्रमाण जवळपास सारखं असूनही कृष्णवर्णीयांना त्यासाठी अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या पावणेचारपट होती. अशा माणसापुढे अर्ज ठेवून ‘गांजा घेता का?’ विचारलं, तर तो ‘नाही’ म्हणेल. म्हणायलाच हवं. मग सल्लागाराला वाटतं सगळं ठीक आहे, आणि चिडचिड, झोपमोड, बेचैनी आली की दोष जातो निकोटिनच्या पॅचला. गांजा थांबवल्यावरही हीच लक्षणं येतात; अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्यांची नोंद आहे.

तेव्हा सिगारेट सोडायला आलेल्याला पॅच, गोळी आणि सल्ला बिनशर्त मिळायला हवा, गांजा चालू असला तरी. २०१४ पासून तिथल्या मेडिकेडला, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला, ही औषधं वगळता येत नाहीत. कित्येक राज्यांतल्या पूर्वपरवानगीच्या अटीही काढून टाका. गांजाचा प्रश्न विचारा, पण उत्तर घरमालकाकडे जाणार नाही याची लेखी हमी आधी द्या. काय ओढता याबरोबरच कशात भरून ओढता हेही विचारा. दोन्ही एकदम सोडायची तयारी असेल तर उत्तम. नसेल तर तो दाराशी आला आहे तो सिगारेटसाठी, तिथून सुरुवात करा. गांजाला औषध म्हणून विकणाऱ्यांनी आणि गांजासाठी दार लावणाऱ्यांनी, दोघांनीही या माणसाच्या वाटेतून आता बाजूला व्हावं.