चामड्याची वेणी

गेल्या डिसेंबरात खोतीगावच्या रानात माझा टॉर्च हरवला. ओहोळ ओलांडताना नायलॉनच्या पट्टीची प्लास्टिकची कडी तुटली आणि टॉर्च दगडांच्या फटीत गेला. वस्तू काही फार महाग नव्हती. पण पाडेली कमरेला कोयती अडकवून माडावर चढतो, ती कधी खाली पडलेली मी पाहिली नाही. मला मात्र सपाट जमिनीवर एक टॉर्च सांभाळता येऊ नये, याची लाज वाटली.

अशा दोरीला हल्ली सगळे लॅनयार्ड म्हणतात. शब्दाचे मूळ फ्रेंच, आणि त्याचा अर्थ साधा वादी किंवा पट्टा. मग म्हटले, आपणच चामड्याची विणून पाहू.

पहिले तीन प्रयत्न फसले. जुन्या पर्सचे मऊ चामडे कापले होते. ते क्रोमने कमावलेले, ओढले की रबरासारखे लांबते. शेवटी म्हापशाच्या बाजारात एका म्हाताऱ्या चर्मकाराकडे गेलो. माणूस मूळचा अथणीकडचा, मराठीला कानडीचा हेल. माझी वेणी हातात घेऊन ते हसले. "साहेब, चामडं चुकलं. सालीत कमावलेलं पाहिजे," म्हणाले.

बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेला एक तुकडा त्यांनी काढला. कोल्हापुरी चपलेचे चामडे तेच. त्याच्या दहा सेंटीमीटर व्यासाच्या दोन चकत्या पाडल्या आणि रापीने कडेपासून आत गोल गोल कापत नेल्या. एवढ्याशा चकतीतून चार मिलिमीटर रुंदीची जवळजवळ पावणेदोन मीटर वादी निघते, हे मी डोळ्यांनी पाहिले. दोन्ही वाद्या कडीतून ओवून मधोमध दुमडल्या की चार पदर होतात. विणीत लांबी खाल्ली जाते, म्हणून प्रत्येक पदर हव्या त्या लांबीच्या दीडपट तरी घ्यावा लागतो.

पुढची रीत सोपी आहे. वाद्या ओलसर कराव्या, भिजवू नयेत. उजव्या टोकाचा पदर मागून दोन पदरांच्या पलीकडे न्यायचा आणि पुढून एका पदरावरून परत आणायचा. मग डावीकडचा तसाच. मी ओढून ओढून घट्ट करत होतो. "ओढू नका, मालक, बसवा," ते म्हणाले. प्रत्येक वेढा सारख्याच जोराने बसला की वेणी गोल होते, नाहीतर सापासारखी वळते. विणून झाल्यावर पाटाखाली लाटली की ती सारखी होते. हातभर वेणीला मला चार तास लागले.

ती मी कमरेच्या पट्ट्यालाच अडकवतो, गळ्यात नाही. चांगली वेणी तुटत नाही, आणि फांदीत अडकली तर तोच गुण गळ्याशी येईल. पावसाळ्यात ती घरीच राहते. आपल्या हवेत चामड्याला बुरशी धरायला आठवडासुद्धा पुरतो. भिजलीच तर सावलीत वाळवावी, चुलीपाशी नव्हे. जून ते सप्टेंबर नायलॉनच बरे, उगाच परंपरेचा हट्ट नको.

पण लिहायचे होते ते वेगळेच. परवा एका स्नेह्यांनी ती वेणी पाहिली. "वा, काय छंद आहे!" म्हणाले, आणि हातात घेऊन वास घेतला. मला आमच्या घरचा सोपा आठवला. चर्मकार चपला शिवून आणायचा, तेव्हा तो पायरीखाली उभा असे. आजी पैसे वरून टाकायची आणि चपलांवर पाणी शिंपडून मगच त्या आत घ्यायची. मी ते रोज पाहत होतो आणि मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. तेच चामडे, तीच रापी. माझ्या हातात आले की छंद, त्याच्या हातात असले की विटाळ.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळे खवळलो. कंपनीला भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य करावी लागली. रास्तच झाले. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि त्यांत बेळगावही आहे. पण परक्या कंपनीकडून आपण जी कबुली मागितली, ती आपण स्वतः या माणसांना कधी दिली? बाजारात त्यांच्यासमोर उभे राहून वीस रुपयांसाठी घासाघीस करणारे आपणच ना?

त्या दिवशी त्यांनी चामडे, कापणी आणि शिकवणी मिळून दीडशे रुपये मागितले. मी तीनशे दिले, तर ते अर्धे परत करू लागले. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही, मोबाईलच्या दुकानात आहे. "इथं मान नाही, मालक," एवढेच म्हणाले. यावर मी काय बोलणार?

रानावनात फिरणाऱ्या तुम्हा मंडळींना एवढेच सांगणे, की लॅनयार्ड हवे असेल तर एकदा जवळच्या चर्मकाराकडे जा. त्यांच्या शेजारी बसून विणायला शिका, आणि चार तासांच्या कामाचे चार तासांचे दाम द्या. मी पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाणार आहे. सहा पदरांची वेणी शिकायची आहे.