हेमंताची चाहूल

शाळेच्या भिंतीवर ऋतूंचा तक्ता टांगलेला असतो. त्यात शरद ऋतूच्या जागी पुष्कळदा तांबडीपिवळी पाने गाळणारे एक झाड काढलेले आढळते. चित्र मोठे सुरेख असते. मात्र ते आपल्याकडच्या शरदाचे नसते. ते इंग्लंड-अमेरिकेतील 'ऑटम'चे चित्र होय. 'ऑटम' या शब्दाला 'शरद' हा प्रतिशब्द मिळाला, आणि शब्दाच्या पाठोपाठ त्या थंड देशांतील पानगळही आपल्या मुलांच्या वह्यांत येऊन पडली! आश्विन महिन्यात खिडकीबाहेर पाहावे, तर वड, पिंपळ, साग, पळस सगळे हिरवेगार उभे असतात. चार महिने पाणी पिऊन तृप्त झालेली ही झाडे इतक्यात पाने का टाकतील? थंड देशांतील झाडे पुढे येणाऱ्या कडक हिवाळ्याच्या धास्तीने पाने टाकतात. सह्याद्रीतील झाडांना मुख्य भीती असते ती कोरड्या महिन्यांची. जमिनीतील ओल ओसरू लागली म्हणजे ती एकेक पान सोडू लागतात. म्हणून आपल्याकडची खरी पानगळ शिशिरातली.

एक चित्र चुकले तर एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की, गळणारी पाने शोधणाऱ्या डोळ्यांना समोरचे दिसत नाही. मग शरद म्हणजे नुसते ऑक्टोबरचे ऊन, हेमंत म्हणजे नुसती थंडी, एवढेच त्या मुलाच्या हाती लागते. शरद सरून हेमंत लागतो तो काळ वर्षातील अत्यंत रम्य काळांपैकी एक आहे. पण तो फार मुकाट्याने येतो. पाऊस वाजतगाजत येतो, त्याला न पाहणे शक्यच नसते. उन्हाळा अंगाची लाही करून आपली ओळख पटवतो. हेमंत मात्र दाराशी येऊन उभा राहिला तरी कडी वाजवीत नाही. वर्तमानपत्रात पारा उतरल्याची बातमी वाचल्यावरच कित्येकांना त्याची खबर लागते.

कालिदासाची दृष्टी अशी उशिरा जागी होणारी नव्हती. त्याने 'ऋतुसंहार' या काव्यात सहा ऋतूंना सहा सर्ग दिले. शरदाचा सर्ग वेगळा आणि हेमंताचा वेगळा. दुर्गाबाई भागवतांनी तर १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऋतुचक्र' या पुस्तकात महिन्यामहिन्याने वर्ष पाहिले. कार्तिक आणि मार्गशीर्ष यांत जो फरक आहे, तो ज्याला कळतो त्याचे वर्ष अधिक मोठे असते, असे म्हटले तरी चालेल.

हा फरक सुरू होतो वाऱ्यापासून. ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून माघार घेतात. समुद्रावरून येणारा ओला वारा मंदावतो आणि हळूहळू ईशान्येकडून कोरडा वारा वाहू लागतो. पावसाने धूळ धुऊन काढलेली असते, ढग पांगलेले असतात; त्यामुळे आकाश असे निवळते की, कोजागरीच्या चंद्राखाली दूध आटवणाऱ्यांना दिव्याची गरज वाटत नाही. दुपारी मात्र ऊन चटचटते. ज्या निरभ्र आकाशामुळे दिवसा ऊन तापते, त्याच आकाशामुळे रात्री गारवा येतो. ढगांचे पांघरूण नसले म्हणजे जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. दुपारी घाम आणि पहाटे पांघरूण, असा हा चमत्कारिक काळ असतो.

मग एके दिवशी सकाळी गवतावर दव दिसते. दव 'पडते' असे आपण म्हणतो. पण ते पावसासारखे वरून पडत नाही. गवताची पाती रात्री लवकर निवतात आणि त्यांना स्पर्श करणाऱ्या हवेतील बाष्पाचे तेथेच थेंब होतात. लंडनमधील विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टराने १८१४ साली यावर एक ग्रंथ लिहिला. त्याने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री बाहेर ठेवून सकाळी पुन्हा तोलले. उघड्या आकाशाखाली ठेवलेला पुंजका अधिक भिजलेला निघे. फळीखाली ठेवलेल्या पुंजक्यात दव फारच थोडे असे. हा प्रयोग कापसाचे दोन बोळे घेऊन कोणत्याही अंगणात करता येतो. त्यास प्रयोगशाळा नको, फक्त पहाटे उठण्याची तयारी हवी. शेतकऱ्याची दवाशी ओळख तर फार जुनी. हरभऱ्याच्या झाडावर आंबट द्रव असतो. पहाटेच्या दवात भिजलेल्या अशा झाडांवर स्वच्छ कापड पसरायचे आणि ते पिळून 'आंब' गोळा करायची, ही त्याची युक्ती आहे.

हिरवे डोंगर याच सुमारास सोनेरी होतात. सह्याद्रीच्या पठारांवरील पिवळी सोनकी ओसरते, गवत वाळते आणि त्याची कुसळे चालणाऱ्याच्या कपड्यांत घुसून बसतात. गावात आणि शहरातही सातविणीचा उग्र वास रात्री दरवळतो. बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. सतत शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी हिमालयाकडून खाली आलेला असतो. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर ब्राह्मणी बदके उतरतात. जुन्या कवींचा चक्रवाक तो हाच. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडून आलेल्या या पाहुण्यांचे ते पाणी २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली.

रात्रीच्या आकाशाकडे पाहिले तर महिन्यांची नावेच तेथे लिहिलेली सापडतात. कार्तिकातील पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्षातील मृगशीर्षाच्या. ही नावे कोणी उगीच ठेवलेली नाहीत. आकाशाकडे नित्य पाहणाऱ्या माणसांनी ती ठेवली. दिवसाच्या लांबीचीही अशीच गंमत आहे. वर्षातील सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास येतो, हे पाठ केलेले असते. पण जो मुलगा घड्याळ घेऊन नोंद ठेवील, त्याला दिसेल की महाराष्ट्रात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला! पाठांतराने हे कळत नाही.

थंडी सर्वांनाच सारखी गोड लागत नाही, हेही खरे. ज्याच्या घरात जाड गोधडी आहे, तो पहाटेच्या गारव्याचे कौतुक करतो. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात. फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या त्या घरांतील मुले या महिन्यांत उघड्यावरच जागी होतात. त्यांना दवाची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. निफाडच्या बाजूला पारा फार उतरला, तर द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. तरीसुद्धा शेकोटीभोवती बसणाऱ्यांनीच थंडीच्या गोष्टी आणि गाणी सांभाळली आहेत, खिडक्या लावून झोपणाऱ्यांनी नव्हे.

जेथे अजून चुली पेटतात त्या गावांवर हेमंताच्या संध्याकाळी निळसर धूर आडवा पसरलेला दिसतो. जमिनीजवळची हवा थंड आणि वरची उबदार झाल्यामुळे धूर वर चढत नाही. तो झाडांच्या शेंड्यांवर तरंगत राहतो. दिसायला ते दृश्य मोठे मोहक असते. मात्र हीच थंड हवा मुंबई-पुण्यावर मोटारींचा धूर आणि बांधकामांची धूळ दाबून ठेवते. मग सकाळी जे पांढुरके दिसते, त्याला लोक कौतुकाने 'धुके' म्हणतात आणि खोकत खोकत फिरावयास जातात. वर्षातील सर्वांत निर्मळ आकाश ज्या काळात मिळावयाचे, त्याच काळात ते मळावे, ही खेदाची गोष्ट आहे. ज्यांनी स्वच्छ हेमंत कधी पाहिलाच नाही, ते त्याची मागणी तरी कशी करणार?

पौषात शाळूची कणसे भरतात. कोवळा हुरडा भाजण्यासाठी शेतात आगटी पेटते. तळहातांवर चोळलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांपुढे पक्वान्नेही फिकी वाटतात. तोवर हेमंत निघण्याच्या तयारीत असतो. बांधावरच्या पळसाची पाने त्यानंतर गळू लागतात.